इराकमध्ये सैन्य घुसल्यावर टोळ्या इतक्या लवकर कशा माजल्या?

अनुजा_वाई
मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी २००३ नंतरच्या इराकवर वाचतेय. पुस्तकांत सगळा भर दहशतवाद आणि शिया-सुन्नी संघर्षावर. खंडणीसाठी अपहरणं आणि तेलचोरी करणाऱ्या टोळ्यांवर जेमतेम दोन परिच्छेद. मार्चमध्ये अमेरिकेचं सैन्य घुसलं आणि वर्षभरात अपहरण हा धंदा होऊन बसला. या टोळ्या आल्या कुठून? त्या भागात तेव्हा कुणी होतं का?

जुना_कुवेतकर
अनुजा, मी तेव्हा कुवेतमध्ये एका वाहतूक कंपनीच्या वर्कशॉपात फोरमन होतो. आमचे ट्रेलर अब्दालीच्या नाक्यावरून सफवानमार्गे इराकमध्ये जायचे. काही गाड्या परत यायच्या त्या स्टेपनी, दोन्ही बॅटऱ्या आणि डिझेलच्या टाकीचं झाकणसुद्धा गमावून. ड्रायव्हर जिवंत आला की आम्ही गाडीकडे नंतर बघायचो.

टोळ्या कुठून आल्या नाहीत, तिथेच होत्या. ऑगस्ट १९९० पासून इराकवर निर्बंध. पुढची बारा-तेरा वर्षं सरकारच चोरून तेल विकत होतं, सद्दामचा मुलगा उदय सिगारेटच्या तस्करीत होता. ट्रकवाले, दलाल, नाक्यावरचे अधिकारी अशी साखळी पक्की बसलेली. त्यात ऑक्टोबर २००२ मध्ये सद्दामने सरसकट माफी देऊन तुरुंग रिकामे केले. राजकीय कैद्यांबरोबर खुनी-दरोडेखोरही सुटले. ९ एप्रिलला बगदाद पडलं तेव्हा रस्त्यावर पोलीस नव्हता. मग २३ मे २००३ ला अमेरिकेने नेमलेले प्रशासक ब्रेमर यांनी इराकचं अख्खं सैन्य बरखास्त केलं. लाखो शिकवलेली माणसं एका हुकमात बेकार, आणि शस्त्रांच्या कित्येक कोठारांवर पहाराच नाही. याला मी चूक नाही म्हणणार, हा गुन्हा होता. भोगला तो इराकी माणसाने.

रानवारा
बगदादच्या संग्रहालयाचंही तेच ना? एप्रिलमध्ये सुमारे १५,००० वस्तू गेल्या.
काका, पण अपहरणांमागे तर अतिरेकी होते असंच आपण ऐकलं.

जुना_कुवेतकर
रानवारा, चित्रफिती अतिरेक्यांच्या असायच्या, म्हणून तेच लक्षात राहिले. बहुतेक अपहृत इराकीच होते : डॉक्टर, व्यापारी, त्यांची शाळकरी पोरं. फोन यायचा, रक्कम सांगायचे, घासाघीस व्हायची. घरचे पोलिसांकडे जात नसत, कारण पोलिसांतलाच कुणी सामील असायची भीती. परदेशी माणूस हाती लागला तर साध्या टोळ्या त्याला पुढे अतिरेक्यांना विकायच्या. डॉक्टर देश सोडून निघाले ते बरेचसे यामुळेच. जुलै २००४ मध्ये कुवेतच्या कंपनीचे सात ड्रायव्हर पळवले, त्यांत तीन भारतीय. १ सप्टेंबरला सुटेपर्यंत आमच्या लेबर कॅम्पात टीव्ही बंद झाला नाही. आमची ड्रायव्हर मुलं घरी फोन करून सांगायची, मी कुवेतमध्येच आहे, इराकमध्ये जात नाही. त्यातली काही दुसऱ्या दिवशी जायची.

आणि अनुजा, इंधनाचा भाव बघ, खरी मेख तिथे आहे. २००५ च्या डिसेंबरपर्यंत साधं पेट्रोल लिटरला २० दिनार, म्हणजे दीड अमेरिकन सेंटही नाही. देशातल्या रिफायनऱ्या पुरत नव्हत्या, म्हणून सरकार बाहेरून महाग इंधन आणून स्वस्तात द्यायचं. टँकर पंपावर पोचण्याआधीच सीमेकडे वळायचा. एका फेरीत एवढा नफा असेल तर बंदूकधारी संरक्षण विकत घेणं परवडतं. दक्षिणेत बसऱ्याकडे विजेचे मनोरे पाडून तारा वितळवायचे आणि धातू सीमेपार विकायचे. गावात उकाड्यात वीज नाही, कारण तार भंगारात गेलेली.

अनुजा_वाई
काका, मग या पैशात राजकीय पक्षांचा वाटा कधी सुरू झाला?

जुना_कुवेतकर
लगेच. बसऱ्यात पक्ष, त्यांच्या सशस्त्र टोळ्या आणि तेलचोर यांना वेगळं काढणं अवघड होतं. उम्म कस्र बंदरावर या टोळ्यांचा ताबा होता. मार्च २००८ मध्ये पंतप्रधान मलिकींनी बसऱ्यात सैन्य घातलं, त्यानंतर तो सुटला. प्रबंधात बंदरावर वेगळं प्रकरण कर. ब्रिटिश सैन्य त्याच प्रांतात इतकी वर्षं असताना हे का चाललं, हा प्रश्न त्यात जरूर विचार.