मदत हवी आहे: व्हीलचेअरवाल्यांसाठी गाडी चालू करायची आहे (अँब्युलन्स नव्हे), सांगली-मिरज

कृष्णाकाठचा_ड्रायव्हर

नमस्कार मंडळी, तीन-चार वर्षं नुसतं वाचतोय, आज अडलंय म्हणून लिहायला बसलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझी स्वतःची मारुती ईको व्हॅन आहे, पिवळ्या पाटीची, पेट्रोल-सीएनजी. नरसोबाची वाडी, जोतिबा, पंढरपूर, कधी पुणे एअरपोर्ट अशी भाडी मारतो. दोन वर्षांपूर्वी आमचे दाजी पावसाळ्याच्या तोंडावर पत्रा बदलायला वर चढले आणि तिथनं पडले, मणक्याला मार बसला, कंबरेखाली हालचाल नाही. डोकं एकदम शाबूत, घरात बसून द्राक्षबागेचा सगळा हिशोब तेच बघतात. पण घराबाहेर पडायचं म्हटलं की अख्खी गल्ली गोळा करावी लागते. एकानं खांद्याखाली धरायचं, एकानं पायाला, तिसऱ्यानं गाडीचं दार आणि ताईनं आरडाओरडा.

मागच्या दिवाळीत मिरजेला तपासणीला न्यायचं होतं, मी पुण्याला भाड्यावर, म्हणून ताईनं अँब्युलन्स सांगितली. दहा किलोमीटरचे जाऊन येऊन दीड हजार. वर दाजींना आडवं झोपवून नेलं. ते म्हणत होते अहो मी पेशंट नाही, मला बसून रस्ता बघायचाय, पण अँब्युलन्समध्ये स्ट्रेचरच असतो, तो पोरगा तरी काय करणार. त्या दिवशी डोक्यात किडा शिरला की माणूस खुर्चीसकट आत जाईल अशी गाडी आपल्याकडं का नसावी. मुंबईत ईझी मूव्ह, बंगळुरात किकस्टार्ट आहे म्हणतात, आपल्या भागात मला तरी कोण दिसलं नाही. आणि मिरजेत तर अख्ख्या दक्षिण महाराष्ट्रातनं आणि कर्नाटकातनं लोक दवाखान्याला येतात.

आता अडचणी. मागचं दार उघडून टेप लावली. फ्लोअर जमिनीपासनं दोन फुटाच्या थोडा वर. दाजी खुर्चीत बसले की डोकं साडेचार फुटावर जातं, म्हणजे दारातच टेकतं. शिवाय सीएनजीची टाकी बरोबर मागं, खुर्ची चढवायचा उतार म्हणजे रॅम्प यायचा तिथंच. टाकी काढली तर अ‍ॅव्हरेज मेलं. टप वर उचलायचा का फ्लोअर खाली घ्यायचा? आणि असं कापाकापी करून पासिंग होतं का?

दुसरं म्हणजे रेट. साध्या भाड्याएवढे घेतले तर चढवणं-उतरवणं यातच पाऊण तास जातो, परवडत नाही. जास्त घेतले तर लोक म्हणणार अपंगांना लुटतोय. आमच्या मित्रमंडळींना सांगितलं तर "वा, समाजसेवा" म्हणून पाठ थोपटली आणि विषय संपला. मला समाजसेवा करायची नाही हो, गाडीचा हप्ता आहे, मला धंदाच करायचाय, फक्त नीट करायचाय. कुणी असं काही चालवलंय किंवा वापरलंय का?

पासिंगवाला

कटर लावायच्या आधी थांबा! गाडीच्या मूळ बनावटीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आधी परवानगी लागते. फॅब्रिकेटरकडनं ड्रॉइंग करून घ्या, ते घेऊन आरटीओत जा, मंजुरी आली की काम, मग तपासणी, मग आरसीवर नोंद. उलटं केलं की गाडी दारात उभी राहते, बघितलंय मी. बदलाची माहिती इन्शुरन्सवाल्यालाही लेखी द्या, नाहीतर क्लेमच्या वेळेला तो हेच कारण काढणार. आणि गाडीवर अँब्युलन्स, लाल अधिकची खूण, सायरन, ऑक्सिजन यातलं काही नको. तुम्ही टॅक्सी आहात, टॅक्सीच राहा.

टप का फ्लोअर विचारलंत तर ईकोचा फ्लोअर खाली घेणं अवघड, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, शाफ्ट आणि डिफ्रन्शियल खालीच आहे. टप उचला.

अर्धा_रॅम्प

मी बारा वर्षं व्हीलचेअरवर आहे, मानेखाली मणक्याला इंज्युरी, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून बोलते.

रॅम्पचं गणित आधी. इमारतीला एकास बारा उतार धरतात, त्या हिशोबानं तुमच्या दोन फुटाला चोवीस फूट रॅम्प लागेल, म्हणजे गाडीपेक्षा रॅम्प लांब :) गाडीला दुमडता सहा-सात फुटाचाच बसतो, तो उभा होतो, एकट्या माणसाला ढकलणं धोक्याचं. खुर्ची दोरानं वर ओढणारी छोटी विंच लावून घ्या आणि तरी मागे माणूस पाहिजेच. माझी बॅटरीची खुर्ची माझ्यासकट दीडशे किलोच्या वर जाते, रॅम्प बनवताना तेवढं धरा.

आत गेल्यावर खुर्ची समोर तोंड करून, आडवी अजिबात नको. चार पट्टे, चारही फ्रेमला, चाकांना नाही. आणि माणसाला वेगळा सीटबेल्ट, गाडीच्या बॉडीला पक्का केलेला. खुर्चीला जो वेल्क्रोचा पट्टा असतो तो सीटबेल्ट नव्हे, इथे फार जण फसतात.

एसी चालू पाहिजे. ही चैन नाही, आमच्यासारख्यांना इंज्युरीच्या खाली घामच येत नाही, मे महिन्यात सांगलीत काय होत असेल विचार करा. युरीन बॅग कुठे अडकत नाही ना आणि कंबरेच्या वर लटकत नाही ना ते बघायला शिका. लांबच्या प्रवासात मध्ये थांबून टेकून बसू द्या, एकाच जागी दाब पडून बेडसोर म्हणजे जखम झाली की महिनोन्‌महिने जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विचारल्याशिवाय हात लावू नका. "कसं धरू?" एवढंच. बरोबरच्या माणसाला "यांना कुठं उतरवायचं" असं विचारलंत तर मी दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

रेटचं म्हणाल तर मी साध्या कॅबच्या दीडपट आनंदाने देते, तिप्पट मागितले की घरीच बसते. फोनवर पूर्ण रक्कम सांगा, वेटिंगसकट. घासाघीस करायला आम्हाला उतरून जाता येत नाही ना.

तिसरी_शिफ्ट

डायलिसिसवाले धरा. आईचं सुरू आहे, आठवड्यातनं तीनदा, चार-चार तास. महात्मा फुले योजनेत डायलिसिस फुकट होतं पण जायचं-यायचं रिक्षाभाडं आमचंच, महिन्याला बारा-तेरा खेपा. सकाळी आई ठीक असते, परत येताना पायात जीव नसतो, रिक्षात चढता येत नाही. म्हणजे जाताना साधी सीट, येताना खुर्ची. असे चार-पाच जण महिन्याच्या ठरीव पैशावर मिळाले तर हप्ता सुटेल. चार तास तिथं थांबू नका, सोडा आणि मधल्या वेळेत दुसरं भाडं मारा. फक्त टायमाला या, मशीनची वेळ गेली तर पुढच्या पेशंटची बोंब होते.

टाइमपास_तात्या

कल्पना चांगली पण घर ते गाडी याचं काय? आमच्या बिल्डिंगला पाच पायऱ्या, लिफ्ट त्याच्या वर चालू होते.

कृष्णाकाठचा_ड्रायव्हर

सगळ्यांचे आभार, काल रात्री ताईकडं जाऊन मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्धा_रॅम्प ताई, आडवी खुर्ची हे मी जवळजवळ ठरवलंच होतं, जागा वाचते म्हणून. वाचलो. वेल्क्रोचं ऐकून दाजी हसायला लागले, दोन वर्षं आम्ही त्यालाच बेल्ट म्हणतोय.

तात्या, पायऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे. बुकिंग घेतानाच पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, खुर्ची घडीची का बॅटरीची, हे विचारून वहीत लिहायचं ठरवलंय. पाचपर्यंत पायऱ्या असतील तर माझ्याबरोबर एक पोरगा असेल, त्याची मजुरी धरून रेट सांगणार. जिना असेल तर सध्या नाही म्हणणार, उचलताना कुणाला पाडलं तर काय तोंड दाखवू.

तिसरी_शिफ्ट, तुमचा हिशोब कागदावर मांडला. पाच जण ठरीव मिळाले तर पेट्रोलवरसुद्धा जेमतेम बसतंय, म्हणजे टाकी काढता येईल. पण टाकी पुढं सरकवून खालच्या बाजूला घेता येते का हे कुणाला माहितीय का? तेही परवानगीतच येणार ना, पासिंगवाले साहेब? आणि कुपवाड एमआयडीसी किंवा कोल्हापूर साइडला आधी ड्रॉइंग काढून देणारा फॅब्रिकेटर असेल तर मेसेज करा. दोघांना विचारलं, दोघंही म्हणाले "गाडी आणा, बघून कापतो".