गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये इंजिनिअर्ड वुड टाकायचंय, बजेट १ लाख

मेघना_नाशिक: मंडळी, सल्ला हवाय. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट, दोन बेडरूम मिळून साधारण २८० स्क्वेअर फूट. बाबांचे गुडघे दुखतात आणि थंडीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाय टेकला की अगदी कळवळतात, म्हणून इंजिनिअर्ड वुडचं, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली प्लाय वगैरे असलेल्या फळ्यांचं फ्लोरिंग करायचंय. लॅमिनेट नको, त्यात वर लाकडाचा नुसता फोटो असतो. मजुरीसकट १ लाख, त्यावर एक रुपया नाही. गणपतीआधी होईल का?

इंदिरानगरकर: एसपीसी टाका आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे वॉशिंग मशीनचा पाइप निसटून अख्ख्या खोलीत पाणी झालं, पुसलं, विषय संपला. पाहुणे अजून विचारतात खरं लाकूड आहे का.

मेघना_नाशिक: पण एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिकच ना, पायाला गार नाही लागत?

सागवानप्रेमी: बजेट पावणेदोन लाख करा आणि वरचा थर ४ एमएमचा घ्या, तो पुढे घासून पुन्हा पॉलिश करता येतो, पातळ थराला तेवढा जीवच नसतो. आम्ही सागाचा घेतला, ओकच्या नादी लागू नका, सागासारखं लाकूड नाही.

पंचवटी_घाट: साग की ओक हा वाद कशाला, ते लाकूड वरच्या काही एमएमपुरतंच. खाली काय आहे ते विचारा, प्लाय की एचडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड. एचडीएफला पाणी लागलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. आणि बाथरूमला लागून खोली असेल तर त्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दुसऱ्या दिवशी खाली दव दिसलं तर आधी गळती काढा.

फरशीवाला_सातपूर: ताई मी हीच कामं करतो. गणपतीआधी नको. पावसात फळ्या हवेतली ओल ओढतात, मग डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की आकसतात आणि सांध्यात फटी पडतात. माल आला की बॉक्स न फोडता त्याच खोलीत आडवे ठेवून ४८ तास तरी राहू द्या. चारी भिंतींकडे ८ ते १० एमएम फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकते. जुनी फरशी उखडायची गरज नाही, फक्त २ मीटरची सरळ पट्टी फिरवून बघा, खाली ३ एमएमच्या वर पोकळी असेल तर आधी लेव्हल करा नाहीतर चालताना कुरकुरतं.

इंदिरानगरकर: म्हणूनच म्हणतो एसपीसी, फटबिट भानगड नाही.

फरशीवाला_सातपूर: एसपीसीलाही भिंतीकडे फट लागते साहेब.

जुनं_ते_सोनं: लाकडाचं नावच काढू नका, पाथर्डी फाट्याच्या आमच्या घरी वाळवीने चौकटी पोखरल्या. बाबांना लोकरीचे मोजे आणि खोलीत जाजम, झालं काम.

निफाडकर: जाजमाचा सल्ला देऊ नका हो. थंडी म्हणजे काय ते निफाडला या आणि बघा, आम्हीही सतरंज्या अंथरायचो, आईचा पाय कडेत अडकला आणि पडली. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या वाटेत सैल काही ठेवू नये.

देवळाली_वर्षा: भिंतीकडे फट सोडायला सांगाच. आमच्याकडे सोडली नाही, पहिल्याच पावसाळ्यात मधोमध फुगवटा आला, आणि दुकानदार उलट आम्हालाच म्हणे तुम्ही ओल्या फडक्याने पुसता. कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवा, बादलीभर फिनेलचं पाणी नको, फडकं घट्ट पिळूनच. दरवाजे खालून तासावे लागतात, सुताराचे पैसे वेगळे, कोटेशनमध्ये ते कोणी धरत नाही.

मेघना_नाशिक: सगळं वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. एसपीसी नाही, जाजम नाही आणि बजेटही वाढवत नाही. फक्त बाबांची खोली करतेय, १३० स्क्वेअर फूट, ओक, वरचा थर ४ एमएम, खाली प्लाय. दुसऱ्या खोलीत आहे ती फरशी राहील. वाचलेल्या पैशात लेव्हलिंग, फळ्यांखाली अंथरायचा फोम, स्कर्टिंग, सुतार सगळं बसतंय. काम दिवाळी झाल्या झाल्या, थंडी वाढायच्या आत.

सागवानप्रेमी: एकच खोली करताय तर सागच घ्या की.

फरशीवाला_सातपूर: ओक चांगला आहे ताई. कापाकापीसाठी १० टक्के माल जास्त घ्या आणि उरलेल्या फळ्या माळ्यावर ठेवा, पुढे एखादी बदलायची वेळ आली तर तोच शेड मिळत नाही.