चित्रातला पूल खरंच 'जोडतो' का?

रेघोट्या: परवा एका व्याख्यानात ऐकलं, चित्रात पूल दिसला की चित्रकाराला दोन काठ जोडायचे आहेत असं समजावं. मला हे अजिबात पटलं नाही. जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७ सालचं छापचित्र आठवा : शिन-ओहाशी पुलावर अवचित आलेला पाऊस. पुलाची दोन्ही टोकं चौकटीबाहेर. कुणी छत्रीत, कुणी डोक्यावर चटई धरून पळतंय. खाली नदीत एकटा तराफेवाला. यात कोण कुणाला जोडतंय? भर पावसात धड इकडे ना तिकडे, आडोसाही नाही, एवढाच तो पूल!

जास्वंदी: अहो, मग व्हॅन गॉगने १८८७ मध्ये पॅरिसमध्ये बसून नेमकं तेच चित्र तेलरंगात का उतरवलं? वर चौकटीभोवती जपानी अक्षरंही रंगवली. एदो (आजचं टोकियो) ते पॅरिस, याहून मोठा पूल कोणता? पुढच्याच वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये त्याने लांग्ल्वाचा पूल कितीदा तरी रंगवला. अगदी त्याच्या मायदेशाच्या, हॉलंडच्या धाटणीचा पूल तो. माणूस गावाकडे ओढला जात होता हो.

रेघोट्या: तो पूल उचलता येणारा होता ताई! कालव्यातून नाव आली की पूल वर आणि रस्ता बंद. उदाहरण तुमचं, मुद्दा माझा :)

चहाटळ: तुमचं दोघांचं बघून चित्रकार व्हिस्लरने टीकाकार रस्किनवर भरलेला अब्रूनुकसानीचा खटला आठवला. १८७८, लंडन. बॅटरसी पुलाचं व्हिस्लरचं निळं रात्रचित्र कोर्टात आणलं. न्यायाधीशांनी विचारलं, पुलावर दिसतात ती माणसं का? व्हिस्लर म्हणाला, तुम्हाला वाटेल ते समजा. खटला जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग. म्हणजे छदाम!

जास्वंदी: चहाटळपणा पुरे. जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये १९०५ साली वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी आपल्या चित्रकार-गटाचं नावच 'पूल' ठेवलं, ते काय उगाच?

रेघोट्या: १९१३ मध्ये भांडून मोडला तो गट. बरं, फ्रेंच चित्रकार मोनेचं काय? जिव्हर्नी गावातल्या आपल्या बागेत स्वतः पूल बांधून घेतला, १८९९ मध्ये तो पुन्हा पुन्हा रंगवला, आणि त्यावर चिटपाखरू नाही. पलीकडे जायचंय कुणाला? त्याला खालची कमळं बघायची होती.

जास्वंदी: म्हणजे माणूस आणि पाणी जोडलं ना त्याने?

रेघोट्या: आता काठावरून पाण्यावर आलात. व्याख्यानात 'दोन काठ' म्हटलं होतं.