पुस्तकाचं बाड आणि एआय: तुमचे अनुभव लिहा

मंडळी,
दोन वर्षं कपाटात पडलेलं कादंबरीचं बाड गणपतीनंतर बाहेर काढलं. २८ प्रकरणं, ७० हजारांच्या आसपास शब्द. दुसऱ्या खर्ड्यासाठी एआय वापरून बघ, असं दोघातिघांनी सुचवलं. ज्यांनी पुस्तकासाठी वापरलंय, किंवा वापरून हात पोळून घेतलेत, त्यांनी सविस्तर लिहा. नुसतं 'भारी आहे', 'भिकार आहे' नको. कुठे कामाला आलं आणि कुठे घोळ घातला, ते हवंय.

सावंतवाडी, कादंबरी
माझं निवेदन प्रमाण मराठीत, संवाद मालवणीत. पहिलं प्रकरण देऊन म्हटलं, शुद्धलेखन तपास. मिनिटभरात तपासून आलं. बघतो तर 'खंय'चं 'कुठे' आणि 'माका'चं 'मला'. दशावतार बघायला रात्रभर बसलेली माणसं बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी बोलायला लागली होती. बजावलं, संवादाला हात लावायचा नाही. तीन पानं ऐकलं, चौथ्यापासून ये रे माझ्या मागल्या.

कळस झाला सारांशात. म्हातारी म्हणते, "माजो झील म्हमयक गेलो." आमच्याकडे झील म्हणजे मुलगा. यानं हिंदीतली झील धरली आणि लिहून दिलं की, गावचा तलाव मुंबईला जाणं हे विस्थापनाच्या वेदनेचं प्रतीक आहे. (खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, राहू द्यावं. समीक्षकांना आवडेल.)

आता त्याला लिहायला काही देत नाही, फक्त याद्या करून घेतो. कोण कुठल्या प्रकरणात आला, तेव्हा त्याचं वय काय, घरात कोण कोण होतं. त्यातून सापडलेली चूक सांगतो. १९८२ च्या गिरणी संपात नोकरी गेलेला माझ्या कादंबरीतला दादा १९८३ च्या शिमग्याला गिरणीतून रजा काढून गावी आला होता. पाच जणांनी बाड वाचलं होतं, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

वाई, इतिहास
पेशवेकालीन पत्रांवर लिहितोय. एका पत्रातला काल 'इहिदे सितैन मया व अलफ' (अरबीत एक, साठ, शंभर आणि हजार), म्हणजे त्या काळच्या सुहूर कालगणनेतलं सन ११६१, पानिपतचं वर्ष. एआयने 'मया'चं 'माया' केलं आणि 'अलफ'चं 'अल्प'. शके १६८२ दिसलं तिथे सरळ इ. स. १६८२ लिहून मोकळा, म्हणजे ७८ वर्षं गायब! बाकीचा मजकूर इतका गुळगुळीत करून दिला होता की या चुका पहिल्या वाचनात माझ्याही नजरेतून सुटल्या. तेव्हापासून अवतरणं काढून त्या जागी 'पत्र १', 'पत्र २' एवढंच लिहितो आणि मग मजकूर देतो.

नाशिक, वडिलांच्या लेखांचं पुस्तक
आमचा अनुभव चांगला. जुनी फाइल बिगर-युनिकोड फाँटात होती, ती बदलताना सगळे रफार उडाले. २४० पानांत 'पूव' आणि 'धम'. एआयने ते बहुतेक ठिकाणी ओळखून बसवून दिलं. 'वग'चा तेवढा दोनदा 'वाघ' झाला. शाळेवरचा लेख होता, त्यामुळे 'पहिलीच्या वाघात ४० मुलं' वाचून घरात बरंच हसू झालं.

पुणे, मुद्रितशोधक
मी टेबलाच्या पलीकडून सांगतो. पूर्वी पहिला फर्मा (छपाईच्या एका कागदावरची पानं) वाचला की लेखकाचा हात कळायचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकवणारा सगळीकडे त्याच जागी चुकवतो, मग पेन्सिल आपोआप तिथे थांबते. आता एआयकडून तपासून आलेली, साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम पाळलेली बाडं येतात, 'महत्त्व'मधले दोन्ही त शाबूत असतात, आणि दर प्रकरणाच्या शेवटी 'हा केवळ प्रवास नव्हता, तर' येतंच. मध्यंतरी एका शेतकऱ्याच्या आत्मकथनात 'वडिलांनी पामर धरली' असं वाक्य आलं. शब्दकोशात पामर आहे, शुद्धही आहे, त्यामुळे तपासणीत कुठेच अडकलं नाही. ती पाभर होती. पेरणीची. माझं बालपण गावात गेलं नसतं तर तशीच छापली गेली असती. लेखकांनो, एआयला देण्याआधीची मूळ फाइल जपून ठेवा आणि मुद्रितशोधकाकडे ती आणि तपासलेली, दोन्ही पाठवा. कुठे काय बदललंय ते समोर असलं तर आम्हाला निदान शंका तरी घेता येते.

न्यू जर्सी, बाबांच्या आठवणी
बाबा ८१ वर्षांचे, सोलापूरला असतात. ते फोनवर बोलतात, मी टाइप करते आणि तुकड्यातुकड्याने एआयला 'भाषा नीट कर' म्हणून देते. एका तुकड्याचा शेवट होता, 'त्या आषाढात आई गेली.' परत आलं ते असं: 'त्या आषाढात आईचे दुःखद निधन झाले आणि घरावर शोककळा पसरली.' मलाही आजीचं साल नक्की माहीत नव्हतं, वाटलं असेल. रविवारी बाबांना वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "अगं, वारीला गेली होती ती. पुढच्या पानावर परत येते."

आता बाबा स्वतःच वहीत लिहून पानांचे फोटो पाठवतात. एआय ते अक्षर वाचून टाइप करतं, मी फोटोशी ताडून बघते आणि छापून बाबांना पोस्टाने पाठवते. ते लाल पेनाने आम्हा दोघांच्या चुका काढतात. सध्या पान ४१ वर आहोत.