समुद्राकाठी निवांत बसण्यासाठी बारमाही जागा सुचवावी

विचारणा : मडगावकर

नमस्कार मंडळी. गोव्यातील दोना पावल आणि शापोऱ्याचा किल्ला ही ठिकाणे पर्यटकांच्या वर्दळीमुळे आता निवांत बसण्यासारखी राहिलेली नाहीत. मला प्रेक्षणीय स्थळांची यादी नको आहे. उंचावरून समुद्र दिसेल, पावसाळ्यातही जाता येईल आणि सोबतच्या सत्तरीतल्या वडिलांना फार चढावे लागणार नाही, अशी एकच जागा हवी आहे.

प्रतिसाद : सड्यावरचा

आपल्या अटी पाहता काणकोण तालुक्यातील काब द राम, म्हणजेच खोलगड, याहून सोयीची जागा मला तरी सुचत नाही. असोळणे-बेतूलमार्गे गाडी किल्ल्याच्या दरवाजाजवळ पोहोचते आणि आतले पांढरे चर्च ओलांडून तटाकडे गेले की जांभ्याच्या कड्याखाली थेट अरबी समुद्र दिसतो. मात्र जागा एकच ठेवायची तर जाण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी लागते. बहुतेक जण हे ध्यानात घेत नाहीत आणि मे महिन्यात भर दुपारी जाऊन तापलेल्या चिऱ्यांना नावे ठेवत परततात.

डिसेंबर-जानेवारीत सकाळीच जावे. तेव्हा जमिनीकडून मतलई वारा वाहत असतो, पाणी संथ असते आणि होडीमागे उठलेली रेघ बराच वेळ मोडत नाही. दुपारी खारा वारा सुटला की ती मजा संपते. उन्हाळ्यात क्षितिज धूसर असते, म्हणून उन्हे कलल्यावर किल्ल्याऐवजी त्याच्या दक्षिणेकडील पुळणीच्या वरच्या कड्यावर बसावे.

माझा कल विचाराल तर तो पावसाळ्याकडे आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्याने समुद्रात ट्रॉलर दिसत नाहीत, आणि लाटांच्या गाजेपुढे सोबतच्या माणसांचे बोलणे आपोआप थांबते. मनाला स्वस्थता मिळण्यासाठी समुद्रही स्वस्थ असावा लागतो, हे मला पटत नाही.

प्रतिसाद : पेडणेकरीण

आमच्या बाजूचे तेरेखोल सुचवण्याचा मोह होता, पण मडगावहून ते संपूर्ण गोवा ओलांडून जावे लागण्याइतके लांब आहे. खोलगडाला अनुमोदन, फक्त जुलैत वडिलांना तटावर नेण्याबाबत माझे मत वेगळे आहे. जांभ्यावर शेवाळे धरते, वारा छत्री टिकू देत नाही आणि कड्याला सगळीकडे कठडा नाही. त्यांच्यासाठी चतुर्थीनंतरचे दिवस अधिक बरे, कारण तेव्हा पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गवत व तेरडा असतो.

मडगावकर

दोघांचेही आभार. पावसाळ्यात मी एकटा जाईन आणि वडिलांना चतुर्थीनंतर नेईन. हिवाळ्यात सूर्यास्तापर्यंत किल्ल्यात थांबता येते का?

सड्यावरचा

दरवाजा बंद होण्याची वेळ आत शिरतानाच विचारून घ्यावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा सूर्यास्त पाहायचाच असेल तर बाहेरचा कडाच बरा. परतीचा रस्ता वळणांचा आणि काळोखाचा आहे, एवढे लक्षात ठेवून निघावे.