आडवा लंबक दुपारी पट्टीबाहेर जातो, दोष कुठं?

गोठ्यातला_मिस्त्री: आर्वीजवळच्या आमच्या खेड्यात बसून दूरच्या भूकंपाच्या संथ लाटा पकडायच्या, एवढाच हट्ट. आडवा लंबक केला. सायकलच्या स्पोकचा ३० सेंमी दांडा, मागचं टोक ब्लेडवर टेकवलेलं, पुढं पितळी वजन, वरून बारीक तारेचा आधार. फाटक टांगतात तसंच. आसाचा (ब्लेडचं टेकण आणि तारेचं वरचं टोक जोडणारी रेघ) पुढचा झुकाव कमी करत अगदी किंचित उरला, तेव्हा कुठं एक झोका २० सेकंदांचा झाला.

कापसाच्या खोलीत फरशीवर ठेवलाय. दांड्याचं टोक सकाळी आठला मोजपट्टीच्या मधोमध, दुपारी तीनला पट्टीबाहेर. रात्री परततं, पण कालच्या जागी नाही. त्यात पलीकडच्या भिंतीशी म्हैस बांधली की टोक २ मिमी सरकतं, सोडली की परत. घरचे म्हणतात, भूकंप राहू द्या, म्हशीचा काटा तरी झाला.

उभी_पट्टी: लंबक उत्तम जमलाय. तुमच्या मापांवरून आस उभ्यापासून जेमतेम ०.१७ अंश कललाय, म्हणजे जमीन आडवी कलली तर दांडा तिच्या सुमारे ३३० पट वळणार. किलोमीटरभर लांब फळीच्या एका टोकाखाली १ मिमीचा पत्रा सारला की होतो तो कल एक मायक्रोरेडियन. तेवढ्यानं तुमचं टोक ०.१ मिमी सरकतं. म्हशीचे झाले २० मायक्रोरेडियन! झोका ४० सेकंदांचा कराल तर सगळंच चौपट, तेव्हा आत्ता हात लावू नका.

वावरातला: काऊन बावा, काळ्या मातीवर यंत्र ठेवता अन् हालते म्हणता? उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडते, पाणी आलं की फुगते. फरशी फोडा, मुरूम लागेपर्यंत खोदा, जमलं तर काळ्या दगडापर्यंत. त्यावर खांब उभा करा. खांब अन् फरशीच्या मधात बोटभर फट राहू द्या, तिथं सिमेंट भरू नका, नाहीतर म्हैस पुन्हा आलीच.

नवा_गडी: एवढं खोदण्यापेक्षा प्रवेगमापक चिप लावा ना.

उभी_पट्टी: एडीएक्सएल३५५ सारख्या चांगल्या चिपचाही स्वतःचा गोंगाट एका हर्ट्झच्या पट्ट्यात २५ मायक्रो-जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग) आसपास. कलात मोजलं तर २५ मायक्रोरेडियन. म्हैससुद्धा त्यात बुडेल. आणि कल आणि आडवा प्रवेग यांतला फरक ना चिपला कळतो, ना लंबकाला. हालचाल जितकी संथ, तितका कलच वरचढ.

गोठ्यातला_मिस्त्री: फोडली फरशी. साडेचार फुटांवर मुरूम लागला, दगडापर्यंत जायची हिंमत झाली नाही. म्हैस आता दिसत नाही. दुपारचं सरकणं आहेच, पण पट्टीच्या आत. लंबकावरच्या खोक्याला उष्णता अडवायला थर्मोकोल लावतोय. दांड्याचं डुलणं थांबवायला तेलात बुडणारं पातं हवं, तर इंजिन ऑइल चालेल का?