संहिता नसलेल्या नाटकाला स्क्रिप्ट कशाला?

उजवा_हात (कुडाळ)
काल 'भाता' यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं की लाइव्ह वाजवताना ज्याला स्क्रिप्ट लागते त्याने पेनड्राइव्ह लावून घरी झोपावं. झोप माझीच उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय. मी पेटी वाजवतो ती कीबोर्ड आणि लॅपटॉपवर, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्या दोघांमध्ये बसवलेला छोटा प्रोग्राम.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे इथे कुणाला सांगायला नको. आख्यान ठरतं, सोंगं ठरतात, बाकी सगळं रंगमंचावर. राजा काळी एकमध्ये (म्हणजे पहिली काळी कळ हा सा धरून) गाऊन बसतो, मोहिनी आत येता येता काळी तीनमध्ये पद उचलते आणि मला खूण म्हणून मिळते एक भुवई. ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी एकेक अर्धस्वर सरकवायचं बटण पाच वेळा दाबेपर्यंत अर्धं पद झालेलं असतं. म्हणून सगळ्यात डावीकडचं सप्तक मी वाजवतच नाही. तिथल्या बारा कळा स्क्रिप्ट गिळते आणि प्रत्येकीचा अर्थ 'आता ही पट्टी' असा लावते. भुवई हलली की एक कळ, झालं काम.

पहिल्या वर्षीची माझी स्क्रिप्ट तीन ओळींची होती: आलेल्या नोटच्या क्रमांकात पट्टीचा आकडा (पांढरी एक ०, काळी एक १, काळी तीन ६) मिळवा आणि पुढे पाठवा. डाव्या हाताने सा धरून ठेवला होता, तेवढ्यात पट्टी बदलली. दाबताना ६० अधिक १, म्हणजे ६१ गेली होती. सोडताना ६० अधिक ६, म्हणून 'थांब' हा निरोप ६६ ला गेला. ६६ वाजतच नव्हती आणि ६१ ला कुणी काही सांगितलंच नाही. हरिश्चंद्राचं आख्यान, स्मशान, तारामती रडतेय आणि मागे सा काही केल्या हटत नाही. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय. एक काका येऊन पाठ थोपटून गेले.

आता स्क्रिप्टच्या आत १२८ खणांचं फडताळ आहे, प्रत्येक नोट-क्रमांकाला एक खण. कळ दाबली तेव्हा कुठली नोट पाठवली ते तिच्या खणात लिहून ठेवायचं, आणि कळ सुटली की पुन्हा गणित न करता खणात लिहिलेलीच नोट बंद करायची. याला 'वाजवता येत नाही' म्हणायचं असेल तर म्हणा.

भाता (मालवण)
म्हणतो. पट्टी बदलली की बोटं बदलायची असतात. आमच्या बुवांनी बाराही पट्ट्यांतून अलंकार घोटून घेतले, हाताला फोड येईपर्यंत. तुम्ही जन्मभर पांढरी एकमध्येच बोटं फिरवणार आणि यंत्र तुम्हाला काळी तीनमध्ये नेऊन सोडणार. पालखीत बसून वारी केल्यासारखं झालं.

आणि माका एक सांगा, मध्यरात्री लाइट गेली तर तुमची स्क्रिप्ट काय करतली? माझी पेटी वाजतली.

तिसरी_घंटा (रत्नागिरी)
भाता, तुमच्या मंडळात स्केलचेंजर पेटी आहे की नाही? कळपट्टी सरकवायची, बोटं तीच, सूर दुसरा. ती लाकडात कोरलेली स्क्रिप्टच झाली की. आणि कळ दाबलेली असताना सरकवून बघा काय होतं ते.

भाता
मंडळाची आहे. मी वापरत नाही.

नवखा_देवगड
मधेच विचारतो, माफ करा. मेनस्टेज या लाइव्ह वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्टरवर छोटी स्क्रिप्ट लिहिली. पेटीला कळ हळू दाबली काय नि जोरात दाबली काय, आवाज सारखाच. म्हणून प्रत्येक नोट-ऑनची (कळ दाबल्याच्या निरोपाची) व्हेलॉसिटी, म्हणजे दाबण्याच्या जोराचा आकडा, १०० केली. आता माझ्या जुन्या कीबोर्डवरून कळ सोडली की तीच नोट पुन्हा वाजते आणि थांबतच नाही. दुसऱ्या कीबोर्डवरून सगळं ठीक. काय चुकतंय?

घाटावरचा (पुणे)
मला या सगळ्या भांडणाचं हसू येतं. पेटी काय आणि लॅपटॉपमधलं तिचं ध्वनिमुद्रण काय, दोन्ही मुळातच बेसूर. बारा समान भागांत सप्तक कापलं की गंधार गेलाच. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली ती १९७१ पर्यंत आत येऊ दिली नाही, ते काय उगाच?

भाता
आला घाटावरून शिकवायला. पहाटे चार वाजता, समोर हजार माणसं, पखवाज आणि झांज सुटलेली, त्यात तुमचा गंधार किती श्रुती उतरलाय ते कोण मोजतो? आमचा राजा पेटीच्या सुरावरच उभा राहतो. तुमच्या त्या बंदीच्या काळातही कोकणात पेटी वाजतच होती. रेडिओवाल्यांना विचारून कुणी जत्रा केली नाही.

तिसरी_घंटा
पेटी तरी कुठे आपल्या परसात उगवली होती? पॅरिसच्या दबँ नावाच्या वाद्यकाराने १८४० च्या दशकात पेटंट घेतलेलं ते वाद्य, पायाने हवा भरायचं. जमिनीवर बसून हाताने भाता मारायची सोय नंतर कलकत्त्यात झाली. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, सारंगी घोटायची सोडून ही पेटी कसली.

घाटावरचा
माझा मुद्दा साधा आहे. लॅपटॉप आणलाच आहे तर निदान सूर तरी सुधारा. पेटीवाल्याला ती सोय नाही, तुम्हाला आहे. शुद्ध गंधार साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली हवा. पिच बेंड (सूर वरखाली सरकवायचा निरोप) दोन्ही बाजूंना दोन अर्धस्वर ठेवला तर एका सेंटला जवळजवळ ४१ पायऱ्या पडतात. म्हणजे मधल्या ८१९२ वरून ५६० च्या आसपास खाली. एका ओळीचं काम.

उजवा_हात
एक ओळ! पिच बेंड नोटचा नसतो, अख्ख्या चॅनलचा असतो. गंधार उतरवायला गेलो की मागचा धरलेला सा पण त्याच्याबरोबर उतरणार. प्रत्येक स्वराला वेगळा चॅनल द्यायचा, चॅनल सगळे मिळून १६, आणि समोरच्या प्लगइनला (पेटीचा आवाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते कळायला हवं. शिवाय पट्टी बदलली की गंधारही दुसऱ्या नोटवर जातो. करून पाहिलंय, घरी छान वाटलं. मांडवात राजा गायला लागला तो त्याच्या नेहमीच्या पेटीच्या गंधारावर, आणि बेसूर मी ठरलो.

घाटावरचा
म्हणजे लोकांचे कान बिघडलेत म्हणून आपणही बिघडायचं. छान.

भाता
कान बिघडलेत काय? एकदा येऊन रात्रभर बसून दाखवा. निदान सुरुवातीलाच येणारा संकासुर येईपर्यंत तरी जागे राहा, मग बोला.

सुरंगी (वेंगुर्ला)
तुमचं श्रुतींचं चालू द्या, मला प्लगइनबद्दल रडायचं आहे. मी भजनाला गिग परफॉर्मर हे मेनस्टेजसारखंच सॉफ्टवेअर वापरते. पायातल्या पेडलवर भात्याचा दाब ठेवला होता. स्क्रिप्टमध्ये प्लगइनच्या त्या खुंटीचा सरळ आकडा लिहिला होता, पॅरामीटर १४. डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) आदल्या दिवशी प्लगइन अपडेट केलं (हो, माझी अक्कल). नव्या आवृत्तीत १४ वर दुसरंच काहीतरी आलं, आणि बुवांच्या गजराला दाब वाढवावा तशी पेटी विहिरीत जाऊ लागली. १४ म्हणजे आता रिव्हर्ब, घुमारा! समोरच्या बुवांनी लगेच त्यावर एक ओळ रचली. गावात अजून ऐकवतात.

तेव्हापासून स्क्रिप्ट फक्त विजेटशी (गिग परफॉर्मरच्या पडद्यावरच्या खुंटीशी) बोलते आणि विजेट प्लगइनशी. क्रमांक हलले तर एकाच ठिकाणी जोडणी बदलायची. आणि पॅरामीटर शून्य ते एक या हिशोबात असतात हेही ठोकर खाऊनच कळलं. मी सुरुवातीला पेडलचा आकडा जसाच्या तसा पाठवत होते. पेडल जरा हललं की दाब पूर्ण. आधी १२७ ने भागा.

भाता
बघा. बाईंनीच सांगितलं. एवढा उपद्व्याप कशासाठी, तर भाता मारायला. आमचा डावा हात ते काम फुकट करतो.

सुरंगी
भाता, माझ्या डाव्या हाताला मनगटाचं ऑपरेशन झालंय. दोन वर्षं पेटीला हात लावता आला नाही. पेडल आणि त्या चार ओळी नसत्या तर मी आज मांडवात प्रेक्षकांत बसले असते. फुकट करणारा हात सगळ्यांकडे नसतो.

भाता
हे ठाऊक नव्हतं. ते शब्द मागे घेतो. पेनड्राइव्हवाले नाही घेत, ते 'उजवा_हात' यांच्यासाठी होते.

उजवा_हात
आभारी आहे. लाइटचं उत्तर राहिलं होतं. लॅपटॉपला बॅटरी असते. लाइट गेली की मरतो तो साउंडवाल्याचा मिक्सर, आणि मग तुमच्या पेटीसमोरचा माइकही मुकाच. गेल्या जत्रेला जनरेटर बसला तेव्हा तिसऱ्या रांगेच्या पुढे तुमची पेटी कुणाला ऐकू गेली?

भाता
पहिल्या तीन रांगांना गेली. तुमची एकालाही नाही. फडताळाचं मात्र पटलं, तेही तुमच्यामुळे नाही, तिसऱ्या घंटेमुळे. मंडळाच्या त्या स्केलचेंजरवर एका पोराने कळ दाबलेली असताना पट्टी सरकवली होती, आत काय काय मोडलं ते मीच बसून दुरुस्त केलं. हात उचलल्याशिवाय पट्टी हलवायची नाही हे लाकडाला कळतं. तुमच्या यंत्राला १२८ खण करून शिकवावं लागलं, एवढाच फरक.

नवखा_देवगड
माझं कुणीतरी बघेल का? रविवारी भजन आहे.

उजवा_हात
विसरलोच रे. काही कीबोर्ड कळ सोडल्यावर नोट-ऑफ पाठवत नाहीत, शून्य व्हेलॉसिटीचा नोट-ऑन पाठवतात. त्याचा अर्थ 'थांब' असाच असतो. तू त्या शून्याचे पण १०० केलेस, म्हणजे प्रत्येक 'थांब' चा 'वाज' केलास. व्हेलॉसिटी शून्याहून जास्त असेल तरच १०० कर, नाहीतर आलंय तसंच पुढे जाऊ दे. आणि दोन्ही फाट्यांत सेंड (पुढे पाठवण्याची आज्ञा) लिहायला विसरू नकोस, नाहीतर सगळंच मुकं होईल. अडकलेल्या नोटांसाठी एका बटणावर सीसी १२३, म्हणजे 'सगळ्या नोटा बंद' हा निरोप ठेव. बहुतेक प्लगइन ऐकतात, सगळे नाही.

नवखा_देवगड
झालं! आता थांबतंय. फक्त सूर धरून ठेवणारं सस्टेन पेडल उलटं चालतंय. पाय काढला की धरतं, दाबलं की सोडतं. हे पण स्क्रिप्टने सुलटं करू?

भाता
करू नकोस. कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर होता तुझा. बंद कर, पाय बाजूला घे, परत चालू कर.

उजवा_हात
भाता, हे तुम्हाला कसं ठाऊक?

भाता
घरात पोरगा आहे. पुढचं विचारू नये.